तुंगार्लीचा चढ आणि दाबून ठेवलेला रिपोर्ट

गोविंद कंपाउंडरने मला फसवलं. माझ्या थुंकीचा रिपोर्ट त्याने अठरा दिवस स्वतःपाशी दाबून ठेवला. त्या अठरा दिवसांत माझा क्षय धर्मा ठाकराला लागला. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको.

मी लोणावळ्यात जुन्या सामानाचा धंदा करतो. मुंबईकरांचे बंगले रिकामे होतात तेव्हा त्यातली कपाटं, आरसे, पलंग मी उचलतो आणि ज्याला हवं त्याला विकतो. टाकव्याहून आलो तेव्हा माझ्यापाशी अंगातला सदरा होता आणि काही नव्हतं. स्टेशनवर ओझी वाहिली, बंगल्यांची राखण केली, तिथून गोदामापर्यंत आलो. कोणी हात दिला नाही. माझं तोंड तिखट आहे आणि घासाघीस केल्याशिवाय मी कुठलीच गोष्ट मान्य करत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. या आजारात पडलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहायला घेतलंय. पण राग बाजूला ठेवून लिहिणं मला जमणार नाही.

टोळी

पानशेत फुटलं त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमची पहाटे पळणाऱ्यांची टोळी होती. गोविंदनेच ती उभी केली. तो आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा कंपाउंडर; दिवसभर लोकांच्या छात्या ऐकून त्याला वाटायचं की गावात एकाचाही श्वास धड नाही. टोळीत सात जण होतो: गोविंद, मी, रेल्वेतले चौघे, आणि धर्मा. धर्मा राजमाचीच्या वाटेवरच्या ठाकरवाडीतला. गवताचे भारे घेऊन बाजाराला यायचा. भारा डोक्यावर असताना तो आमच्या पुढे पळत गेला, तेव्हा गोविंदने त्याला थांबवून टोळीत घेतला.

आमची वाट ठरलेली. रेल्वे फाटकापासून सुरुवात, पुण्याच्या रस्त्याने वळवण, धरणाच्या भिंतीच्या कडेने जाऊन मग तुंगार्लीचा चढ, तलावावरून खाली गावठाण. वर्षातून एकदा पौषात कान्हे गावच्या टोळीशी शर्यत. तिचे दोन नियम होते. टोळीत सातच माणसं हवीत, एकही कमी असला तर टोळी बाद. आणि शेवटचा माणूस जेव्हा पोचेल ती टोळीची वेळ. पहिल्याला काही किंमत नाही.

हरलेल्या टोळीने जिंकलेल्यांच्या गावी जायचं, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायच्या आणि त्यांना वाढायच्या. तीन वर्षं आम्ही कान्ह्याला जाऊन भाकऱ्या थापल्या. सगळं गाव बघायला जमायचं. बायका गोविंदला म्हणायच्या, "कंपाउंडर, ही भाकर हाय का पोटिसाची पट्टी?" तो हसायचा, पण परतीच्या गाडीत एक अक्षर बोलायचा नाही. ते मी पाहत होतो. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

खोकला

दिवाळीनंतर मला खोकला लागला. संध्याकाळी अंग कसकसायचं, सकाळी उतरायचं. गोविंद म्हणाला, "घाम काढ, जाईल." मी घाम काढला. धोतर कमरेला सैल व्हायला लागलं तेव्हा बायको हौसाने डॉक्टरांकडे ढकललं. त्यांनी छाती ऐकली, बराच वेळ ऐकली, आणि थुंकी पुण्याला तपासायला पाठवायला सांगितली. डबी घेऊन पुण्याला जायचं आणि रिपोर्ट आणायचा हे काम गोविंदचं.

घरी आमची मुलगी आठ महिन्यांची. माझ्या खोकल्याने ती दचकून उठायची. म्हणून मी अंथरूण गोदामात हलवलं. धर्मा तिथेच होता. शर्यत जवळ आली की पहाटे वाडीवरून उतरायला उशीर होतो, म्हणून तो दरवर्षी महिनाभर माझ्या गोदामात राहायचा. गोदामाला एक दार, खिडकी नाही. थंडी म्हणून दार लावून, शेगडीत निखारे ठेवून, दोन पलंगांमध्ये हातभर अंतर ठेवून आम्ही झोपायचो. मी खोकायचो आणि धर्मा उठून पाणी द्यायचा.

"भाऊ, तुमी लय घाम काढताय. अंथरूण वलं झालंय."

"शर्यत झाली की बरा होईन."

"मग व्हवा की. तुमच्याबिगर सात न्हाई व्हत."

मी गोविंदला दर दोन दिवसांनी विचारायचो, रिपोर्ट आला का. तो म्हणायचा, "पुण्याचं काम, सीताराम. सणासुदीला माणसं नसतात तिथं." मी आयुष्यभर कोणाच्या शब्दावर माल घेतला नाही. याच्या शब्दावर मात्र माझा जीव ठेवला, कारण तो दवाखान्यातला होता आणि टोळीतला होता.

शर्यतीच्या दिवशी तुंगार्लीच्या चढावर अर्ध्यात मला खोकला आला. तळहातावर रक्त दिसलं. मी ते चड्डीला पुसलं आणि पळत राहिलो. हे माझं पाप, ते मी लपवत नाही. धर्मा मागे वळला, त्याने कमरेचा पंचा सोडून एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला वर ओढत नेलं. माझं तोंड त्याच्या मानेशी होतं. आम्ही जिंकलो. कान्ह्याची माणसं त्याच दुपारी आमच्या गावठाणात भाकऱ्या थापायला बसली. गोविंद त्यांच्यामध्ये फिरून "जरा पातळ, जरा पातळ" म्हणत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मला घास गिळवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदने रिपोर्ट आणून दिला. "कालच आला," म्हणाला.

निदानाचा दिवस

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हौसाला आत बोलावलं. माझ्याआधी तिला सांगितलं. मला त्याचाच राग आला. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दीड वर्ष औषध." मी म्हणालो, "सहा महिन्यांत करा." ते हसले नाहीत. म्हणाले, "सीताराम, हा सौदा नाही. मध्ये सोडलंस तर परत येतो, आणि मग औषध ऐकत नाही." जो कोणी हे वाचत असेल आणि इंजेक्शनं चालू असतील, त्याने हे वाक्य दोनदा वाचावं. मला पहिल्यांदा बरं वाटलं तेव्हा पुड्या थांबवायचा विचार केला होता. हौसा पुडी हातात घेऊन समोर बसली, मी गिळेपर्यंत उठली नाही, म्हणून वाचलो.

घरी गेलो तर मेव्हणा येऊन बसलेला. बहिणीला आणि भाचीला न्यायला आला होता. माझ्या ताटवाटीला दोरा बांधून ती वेगळी काढली होती. कोणी बांधला ते विचारलं नाही. हौसा भावाला म्हणाली, "मुलीला ने. मी नाही येत." मुलीला दाराशी धरून दाखवली, आत आणली नाही. ती हात पसरून माझ्याकडे झेपावत होती. त्या दिवशी मी घरातली दोन कपाटं विनाकारण लाथांनी मोडली. विकायची होती.

खाट

पुण्याकडच्या क्षयाच्या इस्पितळात मी सात महिने होतो. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती.

पळणाऱ्या माणसाला तिथे पहिली शिक्षा म्हणजे झोपून राहणं. संडासालाही उठायचं नाही, असे पहिले सहा आठवडे. सकाळी इंजेक्शन, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. मग पाण्यात कालवलेली पुडी, ती पोटात गेली की मळमळ. दूध, अंडं. दुपारी चार वाजता काचेची नळी तोंडात. त्या नळीची वाट सगळा वॉर्ड बघायचा. कोणाचा पारा किती चढला यावरून उद्या कोणाचा चेहरा कसा असेल ते कळायचं. काही खाटा सकाळी रिकाम्या दिसायच्या. गादी उन्हात टाकलेली असायची.

मी घासाघीस करून व्हरांड्यातली खाट मिळवली. सिस्टर म्हणाली, "तुम्हाला सगळ्यातच काहीतरी कमी-जास्त करून हवं असतं." मी म्हणालो, "मग द्या की, तुमचं काय जातं." दिली. तिथून लांब एक टेकडी दिसायची आणि तिच्यावरची पायवाट. मी डोळ्यांनी त्या वाटेने चढायचो. अर्ध्यापर्यंतच जायचो. पुढे छाती भरून यायची, पडल्या पडल्यासुद्धा. माझ्या वाट्याला आलेलं सुख म्हणजे ती खाट आणि दर रविवारी पॅसेंजरने येणारी हौसा. मुलीला काही नाही, तिच्या छातीचा फोटो स्वच्छ आला, हे तिने सांगितलं त्या रविवारी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

कागदाचा कोपरा

सहाव्या महिन्यात वॉर्डात माझा केसपेपर नव्याने लिहीत होते, तेव्हा सगळे कागद तासभर माझ्या खाटेवर पडले होते. धंद्यात मला एक सवय आहे. कोणताही कागद आला की आधी खालचा कोपरा वाचायचा, माणसं तिथेच बारीक अक्षरात खरं लिहितात. थुंकीच्या रिपोर्टच्या कोपऱ्यात तपासणीची तारीख होती. तिच्याखाली दुसऱ्या शाईत, रिपोर्ट नेणाऱ्याची सही आणि नेल्याची तारीख. सही गोविंदची. तारीख शर्यतीच्या सतरा दिवस आधीची.

मी तो कागद काढून उशीखाली उलटा ठेवला. सिस्टरने चार वाजता नळी लावली, पारा बघितला आणि विचारलं, "आज काय झालं?"

पुढच्या रविवारी योगायोगाने टोळी भेटायला आली. गोविंद पुढे, हातात मोसंबी. मी त्याला खाटेजवळ बसवलं आणि कागद दाखवला.

"ही सही तुझी?"

त्याने बघितलं. "हो."

"कालच आला म्हणालास."

"डॉक्टर गावाला गेले होते."

"सतरा दिवस?"

"हळू बोल. तू ठणठणीत दिसत होतास, सीताराम. पळत होतास. मला वाटलं, दोन आठवड्यांनी काय फरक पडतो."

"तू कंपाउंडर आहेस. काय फरक पडतो ते तुला ठाऊक होतं."

"सात माणसं लागतात," तो म्हणाला. "तुझ्या जागी कोण होतं? तूच सांग. तुला आदल्या दिवशी कळलं असतं तर तू बसला असतास का?"

मी मोसंबी त्याच्या अंगावर फेकली. ती घरंगळत शेजारच्या खाटेखाली गेली. रेल्वेतले चौघे एकमेकांकडे बघत उभे होते. त्यांच्यातला एक खाली वाकून मोसंबी गोळा करायला लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आलेले पाचच आहेत.

"धर्मा कुठंय?"

"त्याला जरा पडसं आहे," गोविंद म्हणाला.

धर्मा

त्या दिवशी संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, बंद खोलीत हातभर अंतरावर अठरा दिवस झोपलेल्या माणसाला काय होतं. त्यांनी मला उलट विचारलं, "खिडकी होती?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान खाली घालून लिहिणं चालू ठेवलं आणि म्हणाले, "त्याला बोलावून घ्या. लवकर."

हौसाला वाडीवर पाठवलं. ती दोन तास चढून गेली. धर्माची बायको ठकी हिने तिला सांगितलं की भगताने अंगारा दिलाय, पावसाआधी बरा होईल म्हणालाय. धर्मा भिंतीला टेकून बसला होता. हौसाला म्हणाला, "भाऊंना सांगा, मी येतो. जरा पायात बळ आलं की." डोंगरावरचा तो माणूस, पळण्यात ज्याचा मावळात कोणी हात धरला नसता.

मी इस्पितळात खाट मागितली. खाट नव्हती. यादी होती, यादीत त्याचं नाव शेवटी. मी रोज सुपरिंटेंडंटच्या खोलीत जायला लागलो. उठायची परवानगी मिळाली होती, ती मी यासाठीच वापरली.

"माझी खाट त्याला द्या."

"अशी खाट देता येत नाही. ही मंडई नाही."

"मंडई असती तर एव्हाना दिली असती."

"तुमचे अजून तीन महिने आहेत."

"माझी थुंकी दोनदा स्वच्छ आली. उरलेली इंजेक्शनं मी गावाला घेईन. तुम्हाला लिहून देतो."

"आणि परत उलटलं तर?"

"तर मी तुमच्या दारात येणार नाही. तेही लिहून देतो."

अकरा दिवस हे चाललं. एकदा त्यांनी शिपायाला बोलावून मला बाहेर काढलं. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण इतकं कधी कोणाच्या पाया पडलो नव्हतो. पडलो. बाराव्या दिवशी ते म्हणाले, "घेऊन या त्याला."

तोवर आषाढ लागला होता. ठाकरवाडीतल्या चौघांनी त्याला झोळीत घालून तुंगार्लीच्या उतारावरून आणला. त्याच वाटेने. पॅसेंजरमध्ये त्याच्यापाशी कोणी बसेना, तर ठकीने अख्ख्या बाकावर त्याला आडवं केलं. मी इस्पितळाच्या फाटकात उभा होतो. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमी जाड झालाय." मी खरंच झालो होतो. दूध आणि अंड्यांनी.

त्याला व्हरांड्यातल्या माझ्या खाटेवर झोपवलं. मी लोणावळ्याला परत आलो.

सुई

आता मला आठवड्यातून दोनदा इंजेक्शन घ्यायला डॉक्टरांच्या दवाखान्यात जावं लागतं. सुई गोविंद टोचतो. गावात दुसरं कोणी नाही. तो सुई उकळतो, चिमट्याने काढतो, मला पालथं झोपायला सांगतो. त्याचा हात हलका आहे, हे मी नाकारत नाही. मी भिंतीकडे तोंड करतो. एकदा तो म्हणाला, "सीताराम, किती दिवस बोलणार नाहीस?" मी म्हणालो, "टोच."

म्हाताऱ्या डॉक्टरांना मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, "झालं ते झालं. गोविंद वाईट माणूस नाही." मी म्हणालो, "वाईट असता तर मी सावध राहिलो असतो." रेल्वेतले चौघे म्हणतात, जाऊ दे, टोळी मोडेल. हौसा म्हणते ते वेगळंच. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्ही गोदामात झोपायला गेलात म्हणून आपली पोरगी वाचली. हे देवापुढे म्हणू का नको म्हणू, मला कळत नाही." मलाही कळत नाही. मी तिच्याजवळ बसून राहिलो आणि तिने घासलेली तीच कढई पुन्हा घासायला घेतली.

धर्मा कार्तिकात गेला. औषधाने त्याला दोन महिने धरलं, मग सोडलं. शेवटच्या रविवारी मी गेलो होतो. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या पायांकडे हात केला, म्हणजे पळतोस का असं. मी म्हटलं, अजून नाही.

ज्यांना हा आजार झालाय त्यांना माझं सांगणं एवढंच. आपला कागद आपण स्वतः जाऊन आणा. वाचता येत नसेल तर दोन माणसांकडून वाचून घ्या, एकाकडून नको. कागद हातात येईपर्यंत कोणाच्या शेजारी झोपू नका, तो कितीही आग्रह करो. आणि रक्त दिसलं तर पुसू नका, जगाला दाखवा.

दिवसकार्य झाल्यावर ठकी माझ्या गोदामात आली. बसली नाही. दारात उभी राहून विचारलं, "भाऊ, तुमाला कवा कळलं व्हतं?" मी तिला तारीख सांगितली, शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाची. रक्त आदल्या दिवशी दिसलं होतं तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् कंपाउंडरला?"

मी म्हणालो, ते त्यालाच विचार.

ती विचारायला गेली होती. गोविंदने तिला औषधाच्या खोलीतून बाहेर पाठवलं, डॉक्टर नाहीत म्हणून सांगितलं. डॉक्टर आत बसले होते. ती परत जाईल, प्रत्येक बाजाराच्या दिवशी जाईल, कारण मी तिला तसं सांगितलंय, आणि तिच्याबरोबर मी येईन, कागद घेऊन. गोविंद, त्या बाईला तुझ्याकडून दुसरं काही नको. रिपोर्ट तुझ्या हातात कोणत्या दिवशी पडला ती तारीख तुझ्या तोंडून तिला ऐकायची आहे. सांग तिला.